कोपर्ड्यांच्या घरचे अंगठे

दिवाळी अंकासाठी डॉक्टरीतल्या काही हृद्य आठवणी लिहून द्या, असं संपादक म्हणाले. हृद्य आठवणी कवींकडे मिळतात. माझ्याकडे आहेत त्या गुडघ्यांच्या आणि तळपायांच्या. चालत असतील तर छापा, नसतील तर त्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात टाका, वाचकांचं काही अडणार नाही.

साहेबाच्या राज्यात मी धारवाडात दवाखाना थाटला. आता ज्याला सुभाष रोड म्हणतात, त्या रस्त्यावर एका भांड्यांच्या दुकानाची माडी भाड्यानं घेतली होती. मुंबईहून शिकून येताना मी एक रबरी हातोडी आणली. डॉक्टर म्हणजे सुई, नळी आणि लाल औषधाची बाटली, एवढीच गावाची कल्पना. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी खालच्या दुकानात चौकशी केली, 'वर नवीन आलेत ते पोचे काढतात का हो?' तेव्हापासून मी हातोडी डॉक्टर. माझं खरं नाव माझ्या दाराच्या पाटीशिवाय कुणीच वापरलं नाही.

हातोडीचं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गुडघ्याच्या वाटीखाली बोट लावलं तर जाड दोरीसारखं काही लागतं. पाय लोंबता सोडून तिथं हलकेच टिचकी मारली की मांडीचा स्नायू ताणला जातो आणि पाय पुढे उडतो. पायाच्या मालकाला वाटतं आपणच उडवला. त्याला कुणी विचारलेलंही नसतं. स्नायू ताणला गेल्याचा निरोप एक मज्जापेशी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत नेते, तिथं तो दुसरीच्या हवाली करते, आणि ती दुसरी 'आखड' असा हुकूम घेऊन परत स्नायूकडे येते. या मज्जापेशी म्हणजे अजब प्रकार आहे. अंग नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढं, आणि शेपूट मात्र कंबरेपासून थेट पायाच्या बोटापर्यंत. एकीचं शेपूट दुसरीला चिकटलेलंही नसतं. मध्ये बारीकशी फट असते आणि निरोप ती ओलांडून जातो. ही सगळी ये-जा पापणी लवायच्या आत होते.

तापल्या तव्याला हात लागला की तो मागे येतो, तोही असाच. मेंदूला खबर मिळते ती हात मागे आल्यावर. मग तो 'आई गं' म्हणतो आणि सगळं श्रेय घेतो. कचेऱ्यांत नोकरी केलेल्यांना हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

याला आम्ही प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो. एक निवृत्त मामलेदार माझ्याकडे यायचे. त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारली, पाय उडाला आणि ते लाल झाले. 'माझ्या परवानगीशिवाय माझा पाय उडालाच कसा?' मी म्हटलं, तुमच्या तालुक्यातसुद्धा बरंचसं काम तुमच्या परवानगीशिवायच चालायचं, आणि तेच बरं चालायचं. ते परत आले नाहीत. रायापूरकडचा एक पहिलवान होता, त्यानं पाय उडू न देणं हा इज्जतीचा प्रश्न केला. मांडी अशी दगड करून बसला की हातोडी माझ्याच हाताला लागायची. अशा वेळी एक युक्ती असते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरानं ओढायला सांगायची. माणसाचं लक्ष तिकडे जातं आणि पाय बिचारा आपलं काम करून मोकळा होतो. पहिलवानाचा पाय माझ्या टेबलाला लागला. जाताना तो म्हणाला, 'ही कुस्ती निकालात धरायची नाही.'

आता कोपर्ड्यांचं सांगतो, कारण हातोडीनं मला खरं तोंडघशी पाडलं ते त्यांच्याच घरी.

कोपर्डे मूळचे निपाणीकडचे, हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. वडील गेलेले. घरात सत्ता आईची, त्यांना सगळी पेठ अक्का म्हणायची. थोरला दत्तोबा दुकान बघायचा, म्हणजे अक्का सांगतील ते कापड अक्का सांगतील त्या भावानं विकायचा. धाकटा विनायक वकील, धारवाडच्या कोर्टात नुकताच उभा राहायला लागलेला. त्यानंच मला बोलावून नेलं. वाटेत रायापूरपाशी सर्व्हिस मोटार नेहमीप्रमाणे बंद पडली आणि तेवढ्या वेळात त्यानं मला खटला समजावून दिला.

खटला दत्तोबाच्या बायकोवर होता. नाव गोदा. पहिलं बाळंतपण होऊन पाच-सहा महिने झालेले, मुलगा गुटगुटीत. बाळंतपणाच्या आधीपासून पाठ दुखते म्हणायची. पाठ कुणाची दुखत नाही, असं अक्का म्हणायच्या. मग पाय अडखळायला लागले, ताठ व्हायला लागले, आणि नेमकी गौरी-गणपतीच्या तोंडावर, घरात पाहुण्यांची रीघ लागायच्या वेळी, बाई खाटेवर पडली ती उठेचना.

"वेळ बघितलीत का?" विनायक म्हणाला. "हेतू स्पष्ट आहे."

"आणि शिक्षा काय ठरलीय?" मी विचारलं.

शिक्षा ठरलेली होती. दसरा झाला की गोदाला निपाणीला माहेरी पोचवायचं. मुलगा कोपर्ड्यांचा, तो इथंच राहणार. आणि गदगचं एक स्थळ दत्तोबासाठी तयार होतं. त्या काळी घरात एक बायको असताना दुसरी आणायला कायदा आडवा येत नव्हता, आणि लोक तर मांडवात जेवायलाच येत. मला बोलावलं होतं ते, 'हिला काही झालेलं नाही' एवढं एका शिकलेल्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायला, म्हणजे निपाणीकरांना तोंड उघडायला जागा उरू नये.

माजघरात खाट होती. गोदा भिंतीकडे तोंड करून पडलेली, डोक्यावरून पदर. विशीतली असेल. अक्का बाळाला मांडीवर घेऊन बाजूला बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "बरी नाटक री, डॉक्टर. नुसतं नाटक करायलीय. तुम्ही सांगितलं की उठेल बघा."

परपुरुषानं सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही, हे आल्याबरोबर बजावण्यात आलं. नळी पदरावरून चालेल. हातोडीबद्दल दोन मिनिटं विचारविनिमय झाला आणि हातोडी म्हणजे हात नव्हे असा निकाल लागला. दत्तोबानं बायकोला धरून खाटेच्या कडेवर बसवलं. मी लुगड्यावरूनच हातोडीच्या टोकानं गुडघा चाचपडून टिचकी मारली.

पाय उडाला. उडाला म्हणजे काय, समोरच्या स्टुलावरचा पाण्याचा तांब्या माजघराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. दुसरा पायही तसाच.

मग अक्का म्हणाल्या, "बघितलंत?" आणि विनायक तर खुर्चीवरून अर्धा उठला. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सिद्ध केलंत. महिनाभर पाय हलत नाही म्हणणारी बाई तांब्या उडवते. आता आणखी पुरावा कशाला हवा?"

गोदानं पहिल्यांदाच मान वर केली. मला म्हणाली, "मी नाही हलवला हो." मग नवऱ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "मी नाही हलवला." आणि रडायला लागली. दत्तोबा तांब्या आणायला गेला.

उभ्या जन्मात मला इतका राग कधी आला नसेल, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. ती पोरगी अक्षरशः खरं बोलत होती. त्या घरात तेवढं एकच वाक्य खरं होतं. आणि माझ्या हातोडीनं तिला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं. जो पाय असा बेफाम उडतो, तोच पाय मालकाच्या हुकमातून गेलेला असतो, हे या मंडळींना सांगायचं कसं? शेवटी त्यांच्याच दुकानात शिरलो.

"दत्तोबा," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या वेळी मालक माडीवर बसायचे आणि खाली मुनीम. बरोबर? किरकोळ गिऱ्हाईक आलं की मुनीम माडीवर विचारायला जायचा का?"

"छे. कापड फाडून द्यायचा."

"मग मालक दिवसभर करायचे काय?"

"ओरडायचे," अक्काच म्हणाल्या. "एवढी सूट देऊ नको, हात आखड, म्हणून. नाही तर त्यानं दुकान वाटलं असतं."

"आता समजा माडीचा जिना कोसळला. मालक वर धडधाकट आहेत, मुनीम खाली धडधाकट आहे. पण मालकांचं ओरडणं खाली येत नाही आणि हुकूमही येत नाही. मुनीम काय करील?"

"दुकान वाटील," अक्का म्हणाल्या.

"हिच्या पायाचं तेच झालंय. टिचकीला पाय उडतो तो खालच्या मुनिमाच्या अकलेनं. चालायला माडीवरचा हुकूम लागतो. तो हिच्या पाठीत कुठंतरी अडकलाय."

अक्का विचारात पडल्या. विनायक पडला नाही. वकिलाच्या कानात शब्द शिरला की थेट जिभेवर येतो, मध्ये कुठं थांबत नाही. "दृष्टान्त छान आहे," तो म्हणाला, "पण दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे."

पुरावा होता. तळपायाला, टाचेपासून बोटांकडे बाहेरच्या कडेनं बोथट वस्तूनं ओढलं की धडधाकट माणसाचा पायाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारी वाट अडली असेल तर तोच अंगठा सावकाश वर उठतो. हे नाटक करायचं म्हटलं तरी जमत नाही. विद्यार्थी असताना आम्ही पैजा लावून करून बघितलं होतं. मी खिशातून किल्ली काढली आणि पाय धरायला वाकलो.

अक्कांनी मला खाटेपासून मागे ओढलं. गुडघा निराळा. पण वडीलधाऱ्या पुरुषानं घरच्या सुनेच्या पावलाला हात लावायचा? पोरीचं आयुष्य कमी होईल, तिला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही. पोरीला घरातून हाकलायला निघालेल्या बाईला तिच्या आयुष्याची आणि नरकाची एवढी काळजी वाटतेय हे बघून मला भरून आलं. आणि गंमत अशी की गोदासुद्धा पाय आक्रसायला धडपडत होती. आक्रसता येत नव्हते, म्हणून हातांनी ओढून पदराखाली घेत होती.

नवऱ्यानं धरावेत? तो तर त्याहून मोठा अधर्म. मग त्या घरात तिच्या पावलांना हात लावायचा अधिकार कुणाला होता? एकालाच. नात्यानं धाकट्या दिराला. तो पाडव्याला वहिनीच्या पाया पडायचाच.

"वकीलसाहेब," मी किल्ली पुढे केली, "या, बसा खाली. उलटतपासणी तुम्हीच घ्या."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पुरावा मागणाऱ्याला पुरावा नाकारता येईना. मी म्हटलं, आधी धडधाकट पाय बघा. मुलानं आईच्या पायांना हात लावायला कुणाची हरकत असणार? अक्कांनी पाऊल पुढे केलं. विनायकनं किल्ली ओढली. अंगठा निमूट खाली वळला. अक्कांच्या देहातला तेवढा एकच अवयव कुणापुढे वाकताना मी पाहिला. मग दत्तोबाचा, खाली. माझा, खाली. विनायकला आता चेव चढला होता. मग तो वहिनीपुढे बसला, सवयीनं आधी नमस्कार केला आणि किल्ली ओढली.

गोदाचा अंगठा सावकाश वर उठला आणि बाकीची बोटं फाकली. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा वर. दुसरा पाय, तोही वर. विनायक तसाच उकिडवा बसून राहिला.

"तू करतेस का गं हे?" त्यानं हळूच विचारलं.

"मला कळतसुद्धा नाही, भावजी," ती म्हणाली.

एवढ्यावर काम भागलं असतं. पण विनायकनं चेवाच्या भरात अक्कांच्या मांडीवरच्या बाळाच्या तळव्यावरूनही किल्ली फिरवली. बाळाचा अंगठा वर उठला, थेट आईसारखा.

"एन री इदु?" अक्का किंचाळल्याच. हे काय हो? नातवाला छातीशी धरून त्या मागे सरकल्या. "पोरालासुद्धा लागलं की तिचं!"

अक्कांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, घटकाभर घाबरू द्यावं असं मनात आलं. पण म्हटलं, "अक्का, त्याला काही झालेलं नाही. सगळ्याच तान्ह्या मुलांचा अंगठा वर जातो. त्याच्या माडीचा जिना अजून बांधून व्हायचाय. चालायला लागेल तसा पुरा होईल आणि अंगठा खाली यायला लागेल. त्याच्या आईचा जिना बांधलेला होता, तो पडलाय. आता एक करा. माझा हात चालत नाही ना? मग तुमचा हात तिच्या पाठीच्या कण्यावरून वरून खाली फिरवा."

अक्कांनी बाळ विनायककडे दिलं आणि हात फिरवला. खांद्यांच्या पात्यांच्या थोडं खाली त्यांचं बोट थांबलं. गोदा कळवळली.

"इथं उंचवटा लागतोय," अक्का म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ही सांगायची, इथंच दुखतं म्हणून." मग बराच वेळ त्यांनी हात तिथून उचलला नाही.

मणक्याचा क्षय होता. किडलेला मणका खचून मज्जारज्जूवर दाब आला होता. छातीत काही नव्हतं, एवढं नशीब. आज या रोगाला औषधं आहेत. तेव्हा औषध एकच, फळीवर सपाट पडून राहायचं. बसायचं नाही, वळायचं नाही, महिनेच्या महिने. ऊन, दूध आणि माशाच्या यकृताचं तेल. ते तेल कोपर्ड्यांच्या सोवळ्या घरात डोळे मिटून 'विलायती औषध' या नावानं आत गेलं. असे रोगी मी पुढेही पाहिले. कित्येकांना फळीवर ठेवायला घरच तयार झालं नाही, ते बैलगाडीतून गावोगाव हिंडवले गेले आणि संपले. त्याची टोचणी अजून आहे.

इथं मी शब्द तोलून वापरले. म्हटलं, निपाणीपर्यंतच्या प्रवासात हिच्या पाठीचं काय होईल ते सांगता येत नाही. ठेवायचं तर इथंच. पडून राहिली तर दाब कमी होऊन पाय परत येण्याचा संभव आहे. खात्री नाही.

अक्कांनी व्यापाऱ्याच्या घरातला निकाल दिला. "पुढच्या दसऱ्यापर्यंत. उभी राहिली तर माझी सून. नाही तर निपाणी, आणि पोरगं इथंच. गदगवाल्यांना तोवर थांबायला सांगते."

गदगवाले थांबले. हुबळीत चालतं दुकान असलेला जावई वर्षभर वाट बघायला लावत असला तरी लोक सोडत नाहीत.

गोदा फळीवर पडून राहिली. मी महिन्याकाठी जात असे. विनायक मात्र दर रविवारी किल्ली घेऊन वहिनीच्या पायाशी बसायचा आणि सोमवारी कोर्टात जाताना माझ्या दवाखान्यात डोकावून निवेदन करायचा, 'डावा वर, उजवा वर, बाळ वर.' सगळ्या वकिली जन्मात त्यानं इतकं खरं दुसरं काही सांगितलं नसेल. अक्का पहिल्यासारख्याच. 'माझ्या नशिबी पडून राहणारी सून' हे रोज पेठेला ऐकवायच्या, आणि पडून राहणाऱ्या सुनेला रोज स्वतः न्हाऊ घालायच्या. मी त्याबद्दल काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी न्हाऊ घालणं बंद केलं असतं.

बाळ रांगायला लागलं, मग आईच्या फळीला धरून उभं राहायला लागलं. पावसाळा सरता सरता विनायक एकदा जिना धडधडत वर आला. "बाळ खाली!" मी म्हटलं, अभिनंदन. आणि वहिनी? त्याचं तोंड उतरलं. पण श्रावणापासून गोदा पायाची बोटं थोडी हलवायला लागली होती, हे मला माहीत होतं. गणपती गेल्यावर तिचाही अंगठा खाली आला, आधी डावा, मग उजवा. मिरजेच्या एका सर्जननी पाठीला बांधायला चामड्याचा पट्टा करून दिला आणि म्हणाले, आता उभं करून बघा.

मी गेलो तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. बाहेर सोप्यावर गदगचे पाहुणे बसलेले, शेवटचा शब्द घ्यायला आलेले. दत्तोबा त्यांच्यासमोर सतरंजीचे धागे मोजत होता. आत माजघरात अक्का पाहुण्यांच्या चहासाठी दुधाचं पातेलं घेऊन चुलीकडे निघाल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या, तुम्हीही या. सगळेच बघायला आलेत आज. उठवा तिला. उठली तर उठली."

विनायकनं आणि मी गोदाला उभं केलं. पदराचा आणि परपुरुषाचा प्रश्न त्या दिवशी कुणाला आठवला नाही. ती खाटेचा खांब धरून उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं. समोर बाळ उभं होतं, तेही नुकतंच चालायला शिकलेलं, हात पसरून तिला बोलावत होतं. गोदानं खांब सोडला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तिसऱ्याला गुडघा वळला आणि ती पुढे कोसळली.

पातेलं खाली आपटल्याचा आवाज मी आधी ऐकला. मग बघितलं तर गोदा अक्कांच्या दोन्ही हातांत होती. ज्या बाईनं आयुष्यात कधी तांदळाचा दाणा सांडू दिला नाही, तिच्या पायांखालून दूध वाहत होतं आणि ते तिच्या अजून लक्षातही आलेलं नव्हतं. विनायकनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ही प्रतिक्षिप्त क्रिया का हो, डॉक्टरसाहेब?" पुस्तकाच्या हिशेबानं नव्हे. त्याला मी गप्प बस म्हटलं.

गोदा रडत म्हणत होती, "अक्का, दूध. पाहुण्यांचं दूध गेलं."

अक्कांनी खाली बघितलं. सुनेला सोडलं नाही. तशाच, तिला छातीशी धरून, सोप्याच्या दिशेनं ओरडल्या, "दत्तू, पाहुण्यांना म्हणावं उठा आता. चहा काही मिळायचा नाही. घरात सून चालायला लागलीय, दूध सांडलंय."